भिंतीतला बोल्ट

मूर्ख माणसाचा राग येत नाही, कीव येते, असं म्हणतात. असं म्हणणारे आमच्या घरमालकांकडे कधी भाड्याने राहिलेले नसावेत. मी राहिले. सिंदी रेल्वेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा वर्ध्याहून रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून स्टेशनपासून पायी जाता येईल अशा दोन खोल्या घेतल्या. खोल्या हवेशीर होत्या, पाणी वेळेवर यायचं, काकू देवमाणूस. फक्त काका होते.

काका उंच, हडकुळे. गळ्यात बारमाही दुपट्टा आणि चेहऱ्यावर बारमाही तुच्छता. जगात त्यांना कोणाचंच काम पसंत नव्हतं. एसटीचा ड्रायव्हर गिअर टाकायचा तो चुकीचा, लाइनमन खांबावर चढायचा तो चुकीचा, आणि काकू तर गेली कित्येक वर्षं वरणाला फोडणीच चुकीची देत होत्या. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “फ्यूज बसवता येते का तुमाले?”

“येतो,” मी म्हटलं.

“मंग ठीक आहे. तुमच्या पहिलेच्या मॅडमले नुसतंच विज्ञान येत होतं.”

एवढं बोलून ते आपल्या ट्रॅक्टरकडे गेले. त्यांचं सगळं येणं-जाणं तिकडेच असायचं. तो ट्रॅक्टर अंगणात कायमचा उभा होता. रंग कधीकाळी लाल असावा. चाकांतली हवा केव्हाच गेलेली, सीटच्या स्पंजात चिमण्यांनी घर केलेलं, आणि मागे त्याला जोडलेली तितकीच जुनी ट्रॉली. पण पाहणाऱ्याची नजर ट्रॅक्टरवर जाण्याआधी भिंतीवर जायची. अंगणाच्या मधोमध एक कोऱ्या विटांची भिंत होती. ती दोन्ही टोकांकडून बांधत आणलेली होती आणि मध्येच थांबलेली होती. जिथे थांबली होती तिथे, त्या मोकळ्या जागेत, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा जोड होता. ट्रॅक्टर भिंतीच्या अलीकडे, ट्रॉली पलीकडे.

हा काय प्रकार आहे ते काकूंनीच मला सांगितलं. पलीकडे काकांचा धाकटा भाऊ राहायचा. त्याचं म्हणणं होतं, जुनं धूड विकून नवा ट्रॅक्टर घ्यावा. काकांचं म्हणणं, “बापानं आणलेला आहे. बाप विकते का कोणी?” यावरून जी जुंपली ती वाटणीपर्यंत गेली. वाटणीला बसलेल्या शहाण्यांनी सगळ्या वस्तू निम्म्या-निम्म्या केल्या आणि ट्रॅक्टरपाशी येऊन अडले. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, ट्रॅक्टर मोठ्याला द्या, ट्रॉली लहान्याला द्या, आणि अंगणाची रेघ त्या दोघांच्या मधून ओढा. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्याले आणि घरी गेले. ट्रॉली सुटत नाही हे कोणी पाहिलंच नव्हतं.

जोडात साधी खीळ असते. वर ओढली की निघते. पण खीळ चोरीला जाते म्हणून काकांनी फार पूर्वी तिथे मनगटाएवढा बोल्ट घातला होता आणि खालून नट आवळून टाकला होता. त्यावर किती पावसाळे गेले कोण जाणे. बोल्ट, नट आणि दोन्हीकडचं लोखंड आता एकजीव होऊन बसलं होतं. तो बोल्ट निघाला की धाकट्याला त्याची ट्रॉली मिळणार होती, भिंत पुरी होणार होती आणि एका घराची दोन घरं होणार होती. निघत नव्हता म्हणून सगळं अडलेलं.

“काका काढतात की नाही?” मी विचारलं.

“रोजच काढते ना ते,” काकू म्हणाल्या, आणि भिंतीच्या त्या खिंडारातून जावेला कढीची वाटी द्यायला गेल्या.

रोजच काढत होते हे खरं. सकाळी मी शाळेला निघायचे तेव्हा काका बाजेवर बसून त्या बोल्टाकडे पाहत असायचे. मग उठायचे, पाना लावायचे आणि हलकेच, दुखणाईत माणसाची नाडी पाहावी तसं दाबायचे. पाना हलायचा नाही. ते लगेच काढून घ्यायचे.

“जोर नाई लावाचा, मॅडम,” मला बजावायचे, जसा काही मी जोर लावायला निघाले होते. “जोर लावला का तुटते. जंग लागलेला बोल्ट रुसलेला असते. त्याले मनवा लागते. मनवला का आपोआप निघन.”

हे तत्त्वज्ञान ऐकायला बरं वाटतं. पण सांगणारा कोण? चहाला आलं कमी पडलं तर कपबशी अंगणात भिरकावणारा. दूधवाला जरा उशिरा आला तर त्याच्या बापाचा उद्धार करणारा. मनवण्याचा सगळा साठा त्यांनी लोखंडासाठी राखून ठेवला होता आणि माणसांच्या वाट्याला उरलं ते काकूंना विचारा. अशा माणसाच्या तोंडून समजुतीच्या गोष्टी ऐकल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मिस्त्री लोकही येऊन गेले होते. धाकट्याने पाठवलेले. एकाने मोठा हातोडा आणला, त्याला काकांनी “कसाई आहेस का बे?” म्हणून हाकललं. दुसऱ्याने पान्याला लांब पाइप लावून जोर करायचं ठरवलं, तर हे मध्ये उभे राहिले. गॅसकटरचं तर नावच काढायची सोय नव्हती. बापाच्या अंगाला आग लावता का, हा प्रश्न. म्हणजे बाप मेल्यावर त्याला काय केलं होतं?

मग पोळा आला आणि काकांची अक्कल किती खोल आहे ते मला कळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप लावतात, वर्षभर जू ओढून खांदा दुखावलेला असतो म्हणून. काकांकडे बैल नव्हते. त्यांनी पितळी गुंडात पाणी कोमट केलं, त्यात मूठभर मीठ आणि हळद टाकली, पळसाची पानं बुडवली आणि ट्रॅक्टरचा जोड शेकायला घेतला. ट्रॅक्टरचा खांदा म्हणे तोच. जू तिथेच बसतं. शेकत होते आणि बैलाला देतात तसं आवतण पुटपुटत होते, “उद्या जेवाले येजो.” धाकट्याची पोरं भिंतीच्या खिंडारातून डोकावून खिदळत होती.

पोळ्यापुरतं असतं तर मीही हसून सोडलं असतं. पण पोळा झाला, बैल आपापल्या कामाला लागले, तरी काकांचा शेक चालूच. रोज सकाळी एक तांब्या कोमट पाणी, मीठ, चिमूटभर हळद. बोल्टाच्या डोक्यावर सावकाश धार. त्या जागेचा रंग पिवळा-तांबडा झाला होता आणि गंजाचे पापुद्रे सुटायला लागले होते. माझ्याच्याने राहवेना.

“काका, मिठाने गंज वाढतो. सातवीच्या मुलालाही माहीत आहे.”

“सातवीच्या मुलानं पुस्तकातलं लोखंड पाह्यलं,” काका म्हणाले. “हे बापाचं आहे.”

मी कानाला खडा लावला. गाढवापुढे वाचली गीता, आपलंच चुकलं. पण शाळेत ऑक्सिडीकरणाचा धडा घेताना मला तो तांब्या आठवायचा आणि मुलांवर उगाच ओरडलं जायचं.

हे सगळं गमतीचं वाटेल. पलीकडे गेलात तर वाटणार नाही. त्या वर्षी धाकट्याचा कापूस चांगला फुटला होता. वेचणी झाली, पण न्यायचा कशात? ट्रॉली डोळ्यांसमोर, घराच्या अंगणात, आणि हात लावता येत नव्हता. दुसऱ्याची ट्रॉली मिळेपर्यंत हात जोडत फिरायचं. गावात सगळ्यांचाच कापूस एका वेळी निघतो, मग कोण आपली देतो? तोवर सगळा कापूस घरात. मी एकदा त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तर बसायला जागा नव्हती. छतापर्यंत कापूस, आणि त्याच्या कडेला अंथरूण. पोरांच्या अंगावर लाल पुरळ उठलं होतं. घरात कापूस साठवला की खाज सुटते, हे इकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. ती फळ्याकडे बघत बघत सारखी दंड खाजवायची.

“तुमी तरी सांगा न त्याईले,” तिची आई मला म्हणाली. “आमचं तं ऐकत नाईत. बोलतच नाईत.”

आणि मग माझ्या स्कूटीचं स्टँड अडकलं. पाय मारून मारून माझा अंगठा सुजला, स्टँड वर जाईना. पंक्चरवाल्याने पाहिलं आणि बोल्ट जाम आहे, तोडावा लागेल म्हणाला. मी गाडी ढकलत घरी आणली. काका बाजेवर होते. त्यांनी माझ्याकडे, गाडीकडे आणि पंक्चरवाल्याच्या दिशेने, सगळीकडे सारख्याच तिरस्काराने पाहिलं आणि उठले.

मी मनात म्हटलं, आता हे माझ्या गाडीला हळदीकुंकू लावणार.

त्यांनी आतून डिझेलची बाटली आणली. तारेच्या ब्रशने बोल्ट घासून लखलखीत केला. डिझेल मुरू दिलं. तेवढ्यात चहा घेतला, तो चुकीचा झाल्याचं काकूंना सांगितलं. मग लहान हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर चारी बाजूंनी टकटक केलं. जोराने नाही, नुसतं जागं करावं तसं. पाना लावला आणि काढायच्या उलट दिशेला, आवळायच्या बाजूला, एक केसभर फिरवला.

“पहिले आवळा लागते,” ते म्हणाले. “त्याले वाटलं पाह्यजे का आपण त्याच्याच बाजूचे आहो.”

मग सोडायच्या दिशेला. कर्र असा आवाज आला आणि बोल्ट फिरायला लागला. बोटांनी काढला त्यांनी. ग्रीस लावून परत बसवला, स्टँड खाली-वर करून दाखवलं आणि हात पुसत बाजेकडे निघाले.

मी तिथेच उभी. डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि तो उजेड काही सुखाचा नव्हता. या माणसाला सगळं येत होतं. डिझेल माहीत होतं, हातोडी माहीत होती, आणि मिठाने लोखंडाचं काय होतं हे माझ्या सातवीच्या मुलांपेक्षा शंभर पटींनी चांगलं माहीत होतं. मी इतके दिवस मूर्ख समजत होते, हा तर लबाड निघाला! रोज सकाळी उठून हा माणूस बोल्ट काढत नव्हता. बसवत होता.

“काका,” मी म्हटलं, “तुम्हाला तो बोल्ट काढायचाच नाही.”

ते थांबले. मागे वळले नाहीत.

“तुमचा नट निराळा होता, मॅडम.”

“नट सगळे सारखेच असतात. तुम्हाला भाऊ वेगळा व्हायला नको आहे, तर तसं जाऊन सांगा त्याला. भिंतीत एवढं मोठं खिंडार आहे, चार पावलं चालायचंय. म्हणा, राहू दे, नको वेगळं व्हायला. त्याची पोरं तिकडे रात्रंदिवस अंग खाजवतायत आणि तुम्ही इथे मीठ घालत बसलाय!”

आता ते वळले. मला वाटलं, खोली खाली करा म्हणतील.

“मोठा मी आहो,” ते म्हणाले. “मी काऊन जाऊ?”

बस. एवढंच कारण. लोखंडापुढे रोज वाकणारा हा माणूस सख्ख्या भावापुढे एकदा वाकायला तयार नव्हता. कोणी याला भावाची माया म्हणेल. काकू म्हणायच्याच, “मनातून लई जीव आहे त्याईचा.” मी नाही म्हणणार. ज्या मायेने दुसऱ्याच्या पोरांच्या अंगावर पुरळ उठतं आणि जिला तोंड उघडायची लाज वाटते, तिला माझ्या भाषेत हेका म्हणतात. त्या दिवसापासून मी काकांशी कामापुरतंच बोलायला लागले. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं.

पुढे काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला सावंगीच्या दवाखान्यात जायचं ठरलं. जाताना त्यांनी काकूंना ऑटोत बसवलं, परत अंगणात आले, बोल्टावर पाण्याचा तांब्या ओतला आणि मला म्हणाले, “लक्ष ठेवजा, मॅडम.” कशावर ते सांगितलं नाही. मला कळलं होतं आणि मी लक्ष ठेवायचं नाही असं लगेच ठरवलं.

ऑटो स्टेशनच्या वळणाला लागला असेल नसेल, तोवर पलीकडे वेल्डिंगवाल्याची हातगाडी आली. गॅसची दोन नळकांडी, लांब नळी. धाकटा खिंडारातून अलीकडे आला. तोही उंच, हडकुळा, तसाच दुपट्टा. मला पाहून जरासा चपापला.

“आमची ट्रॉली आहे,” तो म्हणाला. मी काहीच म्हटलं नव्हतं.

निळी ज्योत नटाला लागली तेव्हा आधी हळद जळल्याचा वास आला, फोडणी करपल्यासारखा. मग लोखंड लाल झालं आणि नट गळून पडला. वेल्डिंगवाल्याने वरून घण घातला. बोल्ट जरा हलला, अडला, आणि मग एकदम खाली मातीत पडला. इतकी वर्षं दोन घरं अडवून बसलेली ती वस्तू पडताना साधा धप्प असा आवाज झाला. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून ट्रॉली बाहेर ओढून नेली. पोरं ओरडत ट्रॉलीमागे धावली.

धाकटा मात्र गेला नाही. गरम बोल्टाभोवती एक चक्कर मारून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

“दादा पोचला का म्हणे सावंगीले? वहिनीचा फोन आलता का?”

“तुम्हीच लावा की त्यांना.”

त्याने फोन काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. दोघं एकाच बापाचे, यात मला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. डोळ्यांवर काळा चष्मा, काकूंचा हात धरलेला. ऑटोतून उतरून थेट भिंतीकडे. मी ओट्यावरून पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. आता हा माणूस ओरडेल, आदळआपट करेल, निदान एकदा तरी खरं बोलेल. त्यांनी जोडावर हात ठेवला. बोटाने बोल्टाचं रिकामं भोक चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, “पाह्यलं, मॅडम? म्हटलं होतं न, आपोआप निघन.”

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी शाळेला निघाले तर अंगणात गवंडी आलेला. सिमेंट-रेती कालवून तयार. खिंडार भरायला विटांचा ढीग लागलेला. आणि खिंडारात प्लास्टिकची खुर्ची टाकून काळ्या चष्म्यात काका बसलेले. एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे. हातात चहाचा कप. गवंडी डोकं खाजवत उभा होता. काकू पदराने तोंड झाकून उभ्या, रडत होत्या की हसत होत्या कळत नव्हतं.

पलीकडून धाकटा आला.

“दादा, उठ न. माल कडक होऊन राह्यला.”

काका चहा प्यायले.

“दादा, उठतं का नाई? का धरून उठवू?”

“जोर नको लावू,” काका म्हणाले. “मनव.”

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता.

“मिठाचं पाणी टाकत होता न तू रोज?” तो म्हणाला. “मले मालूम होतं. तिकडून दिसत होतं मले.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“लहान मी आहो. मी काऊन बोलू?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणजे यालाही माहीत होतं! एक ओतत होता, दुसरा पाहत होता, आणि दोघांच्या मध्ये ती कापसात झोपणारी पोरं, वाट्या पोचवणाऱ्या त्या दोन बायका, हाकलले गेलेले मिस्त्री. एक मोठा म्हणून गप्प, एक लहान म्हणून गप्प. दोघांना एका दोरीत बांधून त्याच ट्रॉलीत घालून रेल्वे फाटकापलीकडे सोडून यावं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

धाकट्याने एकदा गवंड्याकडे पाहिलं, एकदा विटांकडे.

“कसं मनवू?” तो म्हणाला. “तूच सांग. तुलेच येते ते.”

काकांनी कप खाली ठेवला. काळा चष्मा बरोबर त्याच्याकडे वळला.

“पहिले बस,” ते म्हणाले.

धाकटा विटांच्या ढिगावर बसला. गवंड्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि थापी धुवायला घेतली.